ओट्याखालचा दगड

डिंडोलीतल्या आमच्या सोसायटीतले हे काका भाजीला निघाले तरी खिशातलं जीपीएस यंत्र आभाळाकडे धरून उपग्रह किती सापडले ते सांगणार. "यंत्र जवळ नेतं, पुढे कुदळ," असं वर ऐकवणार.

शेजाऱ्याशी जागेवरून वाद पेटला तेव्हा जुन्या मोजणीचे आकडे यंत्रात घालून ते गाडलेला हद्दीचा दगड शोधायला निघाले. मजा बघायला आम्ही मागे, शेजारीही. यंत्रानं त्यांना शेजाऱ्याच्या अंगणातून फिरवून त्यांच्याच नव्या ओट्यापाशी आणलं.

"राहू द्या ना आता," काकू हळूच म्हणाल्या.

काकांनी ओटा फोडला. खाली दगड निघाला, म्हणजे ओट्याची हातभर जागा शेजाऱ्याची ठरली. काकांनी आनंदानं शेजाऱ्यालाच मिठी मारली. "बघितलं? यंत्र बरोबर निघालं."

जागा मिळूनही शेजारी तोंड पाडून घरी गेला.