आत्याला काही त्रास नाही

पांढुर्ण्यात बाहेरगावची माणसं गळ्यात ओळखपत्र अडकवून आली की त्यांना गोटमारीबद्दलच विचारायचं असतं. जाम नदीच्या एका काठाला आम्ही, दुसऱ्या काठाला सावरगाव, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी दोन्हीकडून दगड. एवढं आम्ही एका दमात सांगतो, कारण आता पाठ झालं आहे. वर्षाचे उरलेले दिवस आम्ही कसे काढतो हे विचारायला कोणी येत नाही. म्हणून माझ्या आत्याच्या पायावर संशोधन करायला एक गट येणार असं कळलं तेव्हा मला आधी बरं वाटलं होतं. पण त्या गटातल्या मॅडमनी पहिल्याच भेटीत आवाज हळवा करून विचारलं, "दगड लागला होता का?"

आत्या राहते सौंसरला. गोटमार तिने आयुष्यात पाहिलेली नाही.

"नाही जी," आत्या म्हणाली. "लकवा मारला. मेथी निवडून राहिली होती."

मॅडमचा चेहरा जरा पडला. मेथी त्यांच्या प्रबंधात कुठे बसत नव्हती.

आत्या बोरगावच्या पलीकडे एका गावातल्या मराठी शाळेत पहिलीला शिकवते. लकव्यानंतर तिचा हात सुधारला, बोलणं सुधारलं, पण उजव्या पायाचा पंजा उचलेना. पाऊल टाकलं की बोटं जमिनीला घासायची आणि ती तोंडावर पडायची. दवाखान्यातून मिळालेली साधी प्लास्टिकची पट्टी घोटाच जखडून टाकायची. लोकांनी जामसांवलीला नेलं, तिने हनुमानापुढे डोकं टेकलं, मग नागपूरला मालिशवाल्याकडे नेलं, तिथेही ती मुकाट्याने झोपली. रजा संपत आली होती. शाळेत जाता आलं नाही तर मुदतीआधी निवृत्ती घ्यावी लागणार, हे घरात सगळ्यांना माहीत होतं आणि कोणी बोलत नव्हतं. आत्याला मूलबाळ नाही. तिचे यजमान, माझे फुपाजी, गेले. शाळा गेली तर ती दिवसभर कोणाशी बोलली असती?

अशात हा गट आला. एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या मुलांनी नवी पायपट्टी बनवली होती. पोटरीमागे पातळ पान, घोट्याशी स्प्रिंग, पाऊल उचललं की पंजा आपोआप वर. पुनर्वसनाचे डॉक्टर, शिक्षणशास्त्राचे कोणी, आणि या समाजशास्त्राच्या मॅडम, असे सगळे मिळून त्यावर अभ्यास करत होते. माणूस कामावर परत जातो का, हे त्यांना पाहायचं होतं. मॅडम पुण्याकडच्या. त्यांना आमची बोली कळायची, पण त्यांना वाटायचं तितकी नाही. म्हणून मला मध्ये बसवलं आणि मला नाव दिलं 'स्थानिक समन्वयक'. बाबांनी ते ऐकून एवढंच म्हटलं, "काम काय, पाणी देणं?" बाबा जन्मभर पत्रकं छापत आले. शिक्षकांच्या बदल्या, संत्र्याची मंडी, गंडेदोरे, सगळ्यावर. मी अक्षरं शिकले ती त्या पत्रकांवर, त्यामुळे पाणी देतानाही माझा चेहरा जाब विचारल्यासारखा असतो असं घरचे म्हणतात.

पट्टी मात्र खरंच चांगली होती. हे मी कबूल करते. आत्या पहिल्यांदा ती बांधून अंगणात चालली तेव्हा शेजारची काकू भांडी टाकून बघायला आली. पावसाळा सरला आणि आत्या शाळेत जाऊ लागली.

फक्त ती पट्टी खुर्चीवर बसणाऱ्या माणसासाठी बनवलेली होती. पहिलीची बाई खुर्चीवर बसत नाही. ती सतरंजीवर मांडी घालून बसते, एका पोराची पाटी पाहते, उठते, दुसऱ्याजवळ जाऊन पुन्हा बसते. मांडी घातली की पानाची वरची कड पोटरीत रुतायची. उठताना स्प्रिंग उलटी ढकलायची. दोन महिन्यांत तिथे जखम झाली. आत्याने हळद लावून त्यावर जुन्या साडीची चिंधी गुंडाळली, वर पट्टी बांधली आणि शाळेत गेली. मी ओरडले तर म्हणाली, "आता येतीन ना ते थंडीत. तवा सांगू."

थंडीत ते आले. मॅडम आणि इंजिनिअर पोरगा. शेवटची मुलाखत होती. आत्याने आदल्या दिवसापासून डाळ भिजवली होती. पाटोडीचा रस्सा, पोळ्या, भात, वर संत्री. मॅडमनी आधी प्रश्न उरकू म्हटलं, तर आत्याला ते पटेना. "जेवता जेवता इचारा ना जी. पोट उपाशी ठेवून काय बोलणं."

म्हणून आमच्याकडची ती मुलाखत ताटावर झाली. मॅडम डाव्या हाताने टॅबवर बोट ठेवायच्या आणि उजव्या हाताने पोळी मोडायच्या.

"ताई, पट्टी वापरताना काही त्रास?"

"काहीच नाही. भात घ्या."

"टोचणं, दुखणं, त्वचेला काही?"

"नाही जी. लय हलकी हाय. तुमी खाऊन नाही राहिल्या."

"उठता-बसताना?"

"एकदम मस्त."

मी आत्याकडे पाहत होते. ती माझ्याकडे पाहतच नव्हती. इंजिनिअर पोरगा मान खाली घालून रस्सा ओरपत होता आणि त्याच्या नाकातून पाणी गळत होतं.

"तिखट झालं काय?" आत्याने विचारलं.

"नाही काकू, छान आहे," तो डोळे पुसत म्हणाला.

"एकूण किती समाधानी?"

"पूर्ण," आत्या म्हणाली. "पोरांनी मेहनत केली ना बाप्पा."

संत्रं सोलताना मॅडम प्रसन्न होत्या. त्या म्हणाल्या की फारच छान निकाल आहे. आता दुसरा टप्पा सुरू होईल. त्यात ज्यांना अडचणी आल्या त्यांच्यासाठी पट्टीत बदल करून ती त्यांना कायमची देणार. ज्यांना काही त्रास नाही त्यांचा अभ्यास इथे संपला. उद्या शाळेत चालण्याची शेवटची नोंद घ्यायची आणि पट्टी परत न्यायची.

आत्याच्या हातातलं संत्रं तसंच राहिलं.

"परत मतलब?" तिने विचारलं.

"ती प्रकल्पाची आहे ना ताई."

मी म्हटलं, "हे आधी का नाही सांगितलं?"

"आधी सांगितलं असतं तर उत्तरं बदलली असती," मॅडम शांतपणे म्हणाल्या.

"मग आता ऐका. तिच्या पोटरीला जखम आहे. बसता येत नाही तिला."

आत्याने साडी पावलापर्यंत ओढली. "मच्छर चावला जी. पोरगी उगीच करून राहिली."

मॅडमनी माझ्याकडे सहानुभूतीने पाहिलं. म्हणाल्या, उत्तर सहभागी व्यक्तीचंच धरावं लागतं. नातेवाइकाचं मत नोंदवायची सोय पुढच्या टप्प्यात आहे. पुढचा टप्पा म्हणजे ज्यात आत्या नसणार होती तो. एवढी विद्यापीठं, एवढे विषय एकत्र आले, आणि बाईच्या साडीचा काठ चार बोटं वर करून पाहायचं कोणाच्या विषयात बसलं नाही. मी हे बोलले. जसंच्या तसं बोलले. मॅडम म्हणाल्या, "तुमचा राग मी समजू शकते." हे वाक्य ऐकलं की मला भांडी फेकावीशी वाटतात.

ते गेले आणि मी आत्यावर घसरले.

"काहून खोटं बोलली तू?"

"खोटं कायचं वं? माह्या घरी जेवून राहिले ते. जेवत्या माणसाले म्हणू काय, तुमची चीज खराब हाय? तुह्या बापाने हेच शिकवलं काय तुले?"

"बाबांनी जाब विचारायला शिकवलं."

"त्याच्या घरी पाहुणेच येत नाहीत तर काय. जो येते त्याच्या हातात पत्रक देते." ती ताटं गोळा करत होती, पाय ओढत, कारण पट्टी काढून ठेवली होती. "पाहुण्यासमोर दुखणं मांडत नसतात, पोरी. तुही आजी मरून राहिली होती तवाही पाहुण्याले बरं हाय म्हणे."

"अन् शाळा?"

ती ताटं मोरीत ठेवून बराच वेळ तिथेच उभी राहिली, भिंतीला एक हात लावून. मला तिचा राग येत होता, मॅडमचा येत होता, आणि त्या पाटोडीचाही येत होता. आमच्या भागात किती जणांनी असं 'बरं हाय' सांगून किती अहवाल सजवले असतील? आत्याच्या वर्गात मागे शिक्षणाचे अभ्यासक आले होते. पोरं घरी काय बोलतात आणि पुस्तकात काय आहे हे ते पाहत होते. तेव्हाही तिने त्यांना खुर्च्या आणून दिल्या, चहा दिला आणि म्हटलं, काही अडचण नाही. पुस्तकं त्या वर्षी उशिरा आली होती.

दुसऱ्या दिवशी मी शाळेत गेले ते भांडायचं ठरवूनच. रात्री एक पत्रकही लिहून ठेवलं होतं. ते पिशवीत होतं. त्याची गरज पडली नाही, आणि खरं सांगायचं तर तेही मला थोडं लागलं.

वऱ्हांड्यात आत्या चालली. पोरग्याने मोबाइलवर चित्रीकरण केलं, मॅडमनी नोंद घेतली. मग तो खाली वाकून पट्टीचे बंद सोडू लागला.

"थांब रे," आत्या म्हणाली.

काल ती त्याला 'तुमी' म्हणत होती.

तिने स्वतः बंद सोडले आणि पट्टी त्याच्या हातात दिली. "बांध. तुह्या पायाले."

"मी? काकू, ते…"

"इथं बाई म्हणतात."

पोरग्याने मॅडमकडे पाहिलं. पहिलीची सगळी पोरं दारात जमली होती. त्याने पँट वर करून पट्टी बांधली. पाय बारीक, बंद बसले.

"चाल वर्गात. आता मांडी घालून बस. नीट. ढुंगण टेकव."

तो बसला. म्हणजे बसायला गेला आणि अर्ध्यातच थांबला. कड रुतली हे त्याच्या तोंडावर दिसलं. आत्या भिंतीचा आधार घेऊन त्याच्यासमोर उभी होती.

"मॅडम, तुमीही बसा ना. इथं सगळेच खाली बसतात."

मॅडम बसल्या.

"आता या पोट्ट्याची पाटी पाह्य. पाह्यली? आता ऊठ, अन् त्या खिडकीपाशी पोरगी हाय, तिच्याजवळ जाऊन बस."

त्याने एक हात जमिनीला टेकला, मग दुसरा. स्प्रिंगने पाय पुढे ढकलला आणि तो बाजूला कलंडला. पोरं हसली. पुढच्या रांगेतली एक चिमुरडी गंभीरपणे म्हणाली, "बाई, सरले धरू काय?"

"धर, बेटा."

तो खिडकीपाशी पोचला. बसला. आत्याने त्याला पुन्हा उठवलं. मग पुन्हा. मला वाटलं, आता पुरे. पण तिचा आवाज चढलेला नव्हता. पहिलीतल्या पोराकडून काम करून घेते तशी ती करून घेत होती.

"आता इचारा मले," ती मॅडमना म्हणाली. "काल इचारलं होतं ते."

"पण ताई, काल तर तुम्ही पूर्ण समाधानी म्हणालात."

"काल तुमी माह्या घरी होत्या."

तिने साडी वर केली, चिंधी सोडली. मॅडमनी जखम पाहिली आणि टॅब मांडीवर पालथा ठेवला. मग हळूच म्हणाल्या, "पण काल मी ते उत्तर पाठवून दिलं हो. आता बदलता येत नाही."

मी पिशवीत हात घातला. पण पोरगा खाली बसल्या बसल्याच फोन काढून त्याच्या सरांना लावत होता.

"सर, सौंसरच्या सहभागी… नाही, पट्टी अजून घेतली नाही. … समाधानी नाहीत सर. … हो, काल होत्या. … नाही, आज नाहीत. … सर, मी स्वतः बांधून बसलोय." तो बराच वेळ ऐकत राहिला. "खुर्ची नाहीये सर इथे. … नाही, खुर्ची दिली तर काम होणार नाही. … पहिलीचा वर्ग आहे सर."

शेवटी त्याने फोन ठेवला आणि सांगितलं की सर म्हणतात, दुसऱ्या टप्प्यात घ्या. नवी कड बसवून होईपर्यंत हीच पट्टी त्यांच्याकडे राहू द्या.

मी सुटकेचा निःश्वास सोडला आणि लगेच चिडले. एवढंच होतं तर एक फोन काल का नाही झाला? पण कोणाचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. आत्याने एका पोराला चहा सांगायला पाठवलं होतं. काम संपलं होतं आणि समोरची माणसं पुन्हा पाहुणे झाली होती.

"लय बसवलं तुमाले," ती पोरग्याला म्हणाली. आता पुन्हा 'तुमी'. "पाय दुखला काय जी?"

तो वऱ्हांड्याच्या पायरीवर बसून पट्टी सोडत होता. पोटरीवर लाल रेघ उठली होती आणि तो ती अंगठ्याने चोळत होता.

"नाही नाही, बाई," तो म्हणाला. "काहीच नाही."