कॉइलच्या चिठ्ठीवरची रिकामी जागा

विमलआत्या गेल्याचा फोन आला तेव्हा माझ्या हातात तिच्याचसाठी मागवलेलं पार्सल होतं. गुरुग्रामच्या आमच्या सोसायटीच्या गेटवरून नुकतंच घेतलं होतं. लोहचुंबकानं फ्रिजला चिकटणारा, चार्ज होणारा एक छोटा दिवा. तिच्या नोएडाच्या स्वयंपाकघरात ओट्याच्या कोपऱ्यावर अंधार पडायचा, म्हणून. शेजारच्या बाई हिंदीत सांगत होत्या, सकाळी चहा घेतला, पेपर उघडला, आणि बसल्या जागीच... मी "जी, जी" म्हणत राहिलो आणि लिफ्ट तीनदा येऊन गेली. पुढे काय करायचं ते कळेना तेव्हा मी ते पार्सल उघडलं. दिवा लागतो का, ते पाहिलं. लागत होता.

आज त्याला आठ आठवडे झाले. आत्याबद्दल लिहायचं तर मला एक गोष्ट सांगितल्याशिवाय लिहिता येणार नाही, आणि ती गोष्ट मी सत्तावीस वर्षं कुणालाही सांगितली नव्हती.

आत्या माझ्या वडिलांची धाकटी बहीण. केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात टायपिस्ट म्हणून लागली आणि सेक्शन ऑफिसर म्हणून निवृत्त झाली. लग्न केलं नाही. दिल्लीत रामकृष्णपुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये तिनं तीस वर्षं काढली. तिथले पंजाबी शेजारी तिला ‘मशीनवाली बहनजी’ म्हणत. तिला साड्यांची हौस नव्हती, दागिन्यांची नव्हती. तिला हौस होती ती उपयोगी वस्तूंची. मुठीत दाबत राहिलं की पेटणारी बिनसेलची टॉर्च, मूठ दुमडणारी प्रवासी इस्त्री, एकात एक बसणारे स्टीलचे पेले, फुगवायची उशी, बर्थखाली सामान बांधायची साखळी आणि कुलूप. घरातल्या वस्तू वेगळ्या : पुरणयंत्र, सोऱ्या, ओट्याला चिकटवून हँडल फिरवायची नारळाची खवणी. दिल्लीत त्या काळी असल्या गोष्टी सहज मिळत नसत. कुणी पुण्याला निघालं की आत्या यादी द्यायची.

पण यातलं काही तिनं स्वतःपुरतं ठेवलं नाही. सगळं एका हिरव्या पत्र्याच्या ट्रंकेत असे आणि ट्रंक सगळ्या वसाहतीची. एलटीसी घेऊन, म्हणजे सरकारी सवलतीवर, कुणी कन्याकुमारीला निघालं की आधी आत्याकडे यायचं. होळीच्या आदल्या दिवशी पुरणयंत्र चार घरं फिरून यायचं. प्रत्येक वस्तूला कापडी पिशवी, आणि पिशवीला दोऱ्यानं बांधलेली पुठ्ठ्याची चिठ्ठी. परत करताना त्या चिठ्ठीवर आपलं नाव आणि एक ओळ लिहायची, एवढाच नियम. आभार मानायचे नाहीत. वस्तूनं काय केलं ते लिहायचं. समोरच्या भाटिया आंटींनी पुरणयंत्रातून टिक्कीचे बटाटे काढले आणि लिहिलं, "आलू एकदम मलाई." आत्यानं ते आठवडाभर सगळ्यांना वाचून दाखवलं. वस्तू बिघडली, तर आत्या स्वतः चिठ्ठीच्या शेवटी ‘कारण’ असा शब्द लिहून पुढे कारण मांडायची. तिच्या जुन्या मिक्सरच्या चिठ्ठीवर तिच्याच अक्षरात आहे : "कारण : भांडं नीट न बसवता चालू केला. चूक माझी." ती म्हणायची, "वस्तू बिघडायचीच रे. कशानं बिघडली ते सांगितलं, की पुढच्याची वाचते. चलो, एवढंच तर आहे."

मी नोकरी शोधायला सोलापूरहून दिल्लीला आलो आणि तिच्याकडे राहिलो. तेवीस वर्षांचा होतो. सहा महिन्यांनी पानिपतच्या एका हातमाग मालाच्या कंपनीनं आठवडाभर काम बघायला बोलावलं. तिथं लॉजवर राहायचं होतं. आत्यानं ट्रंकेतून कॉइल काढून दिली. कपात बुडवून पाणी उकळायची, बोटभर लांबीची. "आधी पाणी, मग बटण. उलटं केलंस तर दोन मिनिटांत जळेल." हे तिनं मला तीन वेळा सांगितलं. चौथ्या दिवशी सकाळी मी कॉइलचं बटण दाबलं, कप भरायला नळापाशी गेलो, तेवढ्यात खालून लॉजच्या मालकानं हाक मारली की ऑफिसातून माणूस आलाय. नोकरी पक्की झाल्याचं सांगायलाच तो आला होता. मी वर आलो तेव्हा टेबलावर कॉइल लालभडक झालेली होती, आणि लाकूड जळल्याचा वास.

मी ती थंड होऊ दिली. टूथपावडर लावून घासली. काळेपणा बराचसा गेला. चालते का हे बघायचं धाडस मात्र झालं नाही... दिल्लीला परत आलो तर आत्यानं पेढे आणून ठेवले होते, क्वार्टरच्या अख्ख्या ओळीला सांगून झालं होतं. त्या आनंदात मी पिशवी तिच्या हातात दिली आणि चिठ्ठीवर लिहिलं : "शिरीष. उत्तम चालली."

पंधरा दिवसांनी तीच कॉइल ढवळेकाकू घेऊन गेल्या. त्या मागच्या ओळीत राहायच्या. साताऱ्याकडच्या. यजमान सैन्यातून सुटून मंत्रालयात ड्रायव्हर झालेले. काकू चौथी शिकलेल्या, आणि तरी, किंवा म्हणूनच, आत्याची त्यांच्याशी जशी मैत्री होती तशी दुसऱ्या कुणाशीच नव्हती. रोज संध्याकाळी दोघी पायरीवर बसत. काकू भाजी निवडत, आत्या एखादं यंत्र उघडून बसे. त्या वर्षी काकू सासूबाईंना घेऊन रामेश्वरला गेल्या. धर्मशाळेत सासूच्या चहासाठी कॉइल लावली, तर ठिणगी उडून अख्ख्या मजल्याचा फ्यूज गेला. काकूंच्या बोटांना झटका बसला. नशीब, तेवढ्यावर भागलं.

परत आल्यावर त्या कॉइल घेऊन आल्या. मी तिथंच पोहे खात बसलो होतो. "विमलबाई, बघा बरं, काय झालं हिला. मी सांगितल्यासारखंच केलं," काकू म्हणाल्या. आत्यानं कॉइल उजेडात धरली, फिरवून पाहिली. मी त्या क्षणी बोलायला हवं होतं. बोललोही. मी हसत म्हणालो, "काकू, पाण्याबाहेर लावली असेल तुम्ही."

काकूंचा चेहरा उतरला. "मला येडी समजलास व्हय रे?" एवढं म्हणून त्या उठल्या. आत्या मागोमाग पायरीपर्यंत गेली, "अहो, होतं असं, बसा तर," म्हणत. काकू बसल्या नाहीत. त्यानंतर त्यांनी ट्रंकेतली एकही वस्तू नेली नाही, आणि संध्याकाळची पायरीही सुटली. वर्षभरात ढवळेकाकांना दुसरीकडे क्वार्टर मिळालं. आत्या पायरीवर एकटी बसायला लागली. मग तीही बसेनाशी झाली.

मी पानिपतला गेलो, पुढे नोकऱ्या बदलत गुरुग्रामला स्थिरावलो, लग्न झालं, मुलगी झाली. आत्या निवृत्त होऊन नोएडाला लहानशा फ्लॅटमध्ये गेली. मी महिन्या-दोन महिन्यांनी तिच्याकडे जायचो आणि जाताना दरवेळी काहीतरी न्यायचो. सामान तोलायचा हुकाचा काटा, पॉवर बँक, डास मारायची रॅकेट, बोलून गाणी लावता येतात तो स्पीकर. ती खूश व्हायची, पिशवी शिवायची, चिठ्ठी बांधायची. बिल्डिंगमधल्या लोकांत तिची ट्रंक पुन्हा फिरायला लागली होती. दरवेळी मेट्रोत बसताना मी ठरवायचो की आज सांगायचं. आणि दरवेळी वस्तूचं खोकं उघडण्यात, तिला ती शिकवण्यात वेळ निघून जायचा. खरं तर त्यासाठीच मी ते नेत होतो.

शेवटची भेट दिवाळीतली. त्या वेळी मी दुमडून चपटी होणारी विजेची किटली नेली होती. पाणी नसेल तर ती आपोआप बंद होते. आत्यानं ती रिकामीच लावून बघितली, बंद झाली, पुन्हा लावली, पुन्हा बंद. "बिल्कुल शहाणी आहे," म्हणाली. मग किटली बाजूला ठेवून माझ्याकडे बघत म्हणाली, "शिऱ्या, लहानपणी तुला रडायला आलं की तू पाणी मागायचास. आता खोकं आणतोस. काही सांगायचंय का?"

मी म्हणालो, "छे गं. कॅब आलीय."

...तिच्या घराची आवराआवर करायला मी आणि माझी मुलगी मुक्ता गेलो. मुक्ता दिल्लीकडेच वाढलेली. एकेक पिशवी उघडून विचारत होती, "बाबा, सोऱ्या म्हणजे? आणि ही मिनी प्रेस? यार, ही तर अख्खी लायब्ररी आहे!" ट्रंकेच्या तळाशी कॉइल सापडली. बंद पडलेल्या वस्तू आत्या टाकून द्यायची, नुसत्या चिठ्ठ्या ठेवायची. ही एकच वस्तू तिनं ठेवली होती. चिठ्ठीवर माझी ओळ : "उत्तम चालली." त्याखाली काकूंचं मोठं, अडखळतं अक्षर : "ढवळे. पयल्याच टायमाला फूज गेला." आणि त्याखाली आत्याचं : "कारण :" त्यापुढे काही नाही. ट्रंकेतल्या बाकी एकाही चिठ्ठीवर ती जागा रिकामी नव्हती. तिला कळलं होतं की नाही, हे मला आता कधीच कळणार नाही. जागा मात्र तिनं ठेवली होती.

मी खिशातलं पेन काढलं आणि तिथंच फरशीवर बसून लिहिलं : "पाण्याबाहेर चालू राहिली. चूक शिरीषची. सांगायला उशीर केला." मुक्तानं ते वाचलं. मग मी तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "पण त्या आंटी आहेत ना अजून?"

आत्याच्या फोनमध्ये लोकांची नावं वस्तूंसकट होती. ‘भाटिया पुरणयंत्र’, ‘शिरीष खोके’, आणि ‘ढवळे कॉइल’. काकू फरिदाबादला मुलाकडे असतात. आत्या गेल्याचं मी फोनवरच कळवलं. मग त्या म्हणाल्या, "ये."

या वेळी खोकं नेलं नाही. फक्त ती चिठ्ठी. काकू गच्चीवर उन्हात मटार सोलत बसल्या होत्या. पंचाहत्तरी उलटलेली, डोळ्यांवर जाड भिंगं. चिठ्ठी त्यांनी लांब धरून, ओठ हलवत वाचली.

"म्हंजे तू जाळलीस."

"हो."

"आन ते पाण्याबाहेरचं बी तूच म्हणलास. हातात पोह्यांची बशी होती तुझ्या."

"हो, काकू."

"सासू मरंस्तवर ऐकवत होती मला, शहरातली वस्तू हाताळायची अक्कल न्हाई म्हणून. घरात मिक्सर आला तर सात वर्षं मी हात लावला न्हाई त्याला. लेकीला हाक मारायची. ठाऊक हाय?"

मला ठाऊक नव्हतं.

"बाईला सांगितलंस?"

"नाही... राहून गेलं."

"राहून न्हाई गेलं. ठेवलंस तू." त्यांनी चिठ्ठी नीट दुमडून ब्लाऊजमध्ये खोचली. "दिवाळी-संक्रांतीला फोन करायची बाई. हे आणलं, ते आणलं, सांगायची. कॉइलचं तिनं काढलं न्हाई आन मी बी न्हाई. दोघींची तोंडं शिवल्यागत." त्यांनी पदरानं भिंगं पुसली. मग परात माझ्याकडे सरकवली. "नुसता बसू नको. सोल."

आम्ही परातभर मटार सोलले. उन्हं भिंतीवर चढली तेव्हा त्यांनी विचारलं, "ट्रंक कुठाय तिची?" माझ्याकडे गुरुग्रामला आहे म्हटल्यावर म्हणाल्या, "पुढल्या महिन्यात गावी जायचंय मला. ती दुमडायची किटली हाय न्हवं? बाई सांगत होती फोनवर. ती दे. नियमानं दे, चिठ्ठी लावून."

मी दुसऱ्याच रविवारी किटली पोचवली. कशी लावायची ते सांगायला लागलो, तर म्हणाल्या, "गप. मला येतंय."

हिरवी ट्रंक आता आमच्या दिवाणखान्यात, खिडकीखाली आहे. मुक्तानं सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं आणि पहिल्या आठवड्यातच खवणी नवव्या मजल्यावर गेली. तो चिकटणारा दिवाही मी ट्रंकेत ठेवलाय. त्याची पिशवी मी स्वतः शिवली, वाकडी झाली. परवा काकूंचा नातू ऑफिसला जाता जाता किटली देऊन गेला. घासून लख्ख केलेली, पिशवी धुतलेली. चिठ्ठीवर तेच मोठं, अडखळतं अक्षर होतं :

"ढवळे. झ्याक चालली. पाणी आधी घातलं होतं."