ऑपरेटरबाईंचा कान

ऑपरेटरबाईंनी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बत्तीस वर्षं काढली. लाइनवर नुसती खरखर आली तरी तार कुठे गंजलीय ते त्या बसल्या जागी सांगायच्या. इंजिनिअर मंडळी आधी हसायची, मग शिडी घेऊन जायची आणि तोंड पाडून परत यायची. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, तरी गल्लीत त्या ऑपरेटरबाईच. त्यांच्या नवऱ्यालाही नाव आहे, पण ते घेतो कोण? तो आपला ऑपरेटरबाईंचा नवरा.

हा नवरा म्हणजे पाणीपुरवठा खात्यातला निवृत्त ड्राफ्ट्समन. जन्म सरळ रेघा मारण्यात गेला, त्यामुळे आपली रेघ वाकडी असू शकते हे त्याला पटवणं महाकठीण. त्याच्या थोरल्या बहिणीची, म्हणजे बाईंच्या वन्संची, तरुणपणातली स्पोर्ट्स कार तीस वर्षं शेडमध्ये पडून होती. दोनच सीटची, बुटकी, वर कापडी टप. चार वर्षांपूर्वी वन्संनी ती भावाच्या दारात आणून टाकली आणि अट घातली.

"माझ्या ऐंशीव्या वाढदिवसाला मी ही चालवणार. नाही चालली, तर दुसऱ्या दिवशी भंगारवाला घेऊन जाईल. नुसती आशेवर ठेवलेली गाडी मला बघवत नाही."

वन्सं बोलतील ते करणाऱ्या. स्वतःचं लग्नही त्यांनी असंच तारीख सांगून मोडलं होतं.

मग चार वर्षं घरात गाडीच राहिली, माणसं पाहुण्यासारखी. दिवाणावर मडगार्ड, पलंगाखाली सीटा, जेवणाच्या टेबलावर वायरिंगचा गुंता आणि प्रत्येक तारेला चिठ्ठी. एकदा साखरेच्या बरणीतून चमच्याबरोबर वॉशर आला. बाईंनी चकार शब्द न काढता तो नवऱ्याच्या चहात घालून ढवळला. पण कापडी टप शिवायला शिंप्याने नाही म्हटल्यावर मशीन काढून बसल्या त्याच, आणि तीन सुया मोडून तो शिवला.

वाढदिवस रविवारी, आणि शुक्रवार उजाडला तरी घोडं अडलेलंच. इंजिन सुरू व्हायचं, हुडहुडी भरल्यासारखं थडथडायचं आणि ॲक्सिलरेटर दिला की फट् करून गप्प. इंजिनाच्या एका अंगाला दोन कार्बोरेटर शेजारीशेजारी असतात. दोघांनी सारखी हवा ओढली तर गाडी सुरळीत चालते. ते जुळवायची रीत सोपी: रबरी नळीचं एक टोक कार्बोरेटरच्या तोंडाशी धरायचं, दुसरं कानाला लावायचं आणि दोन्हीकडची सूं-सूं सारखी होईपर्यंत स्क्रू फिरवायचा. नवरा तीन आठवडे तेच करत होता.

"अहो, वन्संचा फोन होता," बाई त्याच्या उजव्या अंगाला उभं राहून म्हणाल्या. "अहो." इंजिन तर बंद होतं. तिसऱ्यांदा त्यांनी वळसा घातला आणि डावीकडून सांगितलं.

"ओरडतेस कशाला?"

"ओरडले नाही. बाजू बदलली."

दोन वर्षं बाई बघत होत्या. फोन धरायचा तो डाव्या कानाला. डाव्या कुशीवर झोपला की दाराची बेल ऐकू येत नाही. कानाच्या डॉक्टरचं नाव काढलं की म्हणायचा, "लोकच हल्ली पुटपुटतात." म्हाताऱ्या माणसाची अब्रू म्हणून बाईंनी सोडून दिलं होतं. आता त्याने इंजिन सुरू केलं आणि त्यांना दिसलं ते असं: डाव्या कार्बोरेटरची नळी डाव्या कानाला, उजव्याची उजव्या. उभं राहायला तसंच सोयीचं होतं. तीन आठवडे हा माणूस आपल्या दोन कानांना सारखं वाटेल अशी गाडी जुळवत होता.

"नळी इकडे द्या."

"तुला काय कळतं त्यातलं?"

"गाडीतलं काही नाही. खरखर कळते." बाईंनी एकाच कानाने दोन्ही ऐकले. "उजवा दीडपट ओढतोय."

"शक्यच नाही. मी स्वतः जुळवलेत."

"गाडीत दोष नाहीये हो. तुमचा उजवा कान गेलाय."

नळी घेऊन त्याने एकच कार्बोरेटर आधी डाव्या कानाने ऐकला, मग उजव्या. पुन्हा डाव्या. रेघ वाकडी निघाली होती, आणि ती त्यानेच मारली होती. पण बाईंना सांगण्यावाचून इलाज नव्हता. रविवार थांबणार नव्हता.

शेवटी त्याने स्क्रू-ड्रायव्हर उचलला. "किती फिरवू?"

"पाव फेरी. अजून. अहो, थांबा म्हटलं की थांबायचं, संसार नव्हे हा. थोडं मागे. बस्स."

थडथड विरली. रेडिएटरच्या टाकीवर ठेवलेल्या चहाच्या कपात तरंगसुद्धा उठेना. त्याने ॲक्सिलरेटर दिला. इंजिन एका दमात चढलं आणि तसंच अलगद उतरलं. नवरा ग्रीसच्या हातांनी डोळे पुसून बसला. दोन दिवस त्याचा चेहरा धुऊन निघाला नाही.

रविवारी वन्सं आल्या, नव्या चष्म्यात.

"ताई," भावाने आपणहून सांगितलं, "गाडी कधीचीच तयार होती. मला उजव्या कानाने ऐकू येत नाही, म्हणून अडली."

"अरे, लहानपणीसुद्धा तू ऐकायचा नाहीस. आम्हाला वाटायचं, हट्टी आहेस."

"तो वेगळा आजार, वन्सं," बाई म्हणाल्या. "तो अजून आहे."

वन्सं दोनदा धडपडून सीटवर टेकल्या. भाऊ दुसरं दार उघडायला धावला, तर त्यांनी हात आडवा घातला. "तू नाही. हिला बसव. काही बिघडलं तर हिलाच ऐकू येईल."

चार वर्षं जिला शिव्या घातल्या त्या गाडीत बाई पाय लांब करून बसल्या. वन्संनी गिअर टाकला आणि गाडी गल्लीच्या तोंडाशी वळून दिसेनाशी झाली. नवरा फाटकात डावा कान रस्त्याकडे करून उभा राहिला.

बऱ्याच वेळाने, दोन वळणं पलीकडूनच, त्याला ती ऐकू आली. एकसारखी, न अडखळता. वन्संचे केस विस्कटलेले, बाई खदखदून हसताहेत. फाटकाशी येता येता बाईंनी हात वर करून बोटांनी हवेत जरासं काहीतरी पिळल्यासारखं केलं.

नवऱ्याने ओळखलं. फेरीचा आठवा हिस्सा, फार तर. तो स्क्रू-ड्रायव्हर आणायला आत पळाला.