आबांची पारख

काल फळांच्या गाडीवर माझ्या लेकीने एका कलिंगडाला कान लावला, दोन टिचक्या मारल्या आणि गंभीरपणे मान डोलावली. थेट तिचे आबा, म्हणजे माझे बाबा! दर उन्हाळ्यात ते गाडीवरची सगळी कलिंगडं अशीच वाजवून बघायचे, आणि घरी आणलेलं नेमकं पांढरं निघायचं. "फ्रिजमध्ये ठेवा, संध्याकाळपर्यंत गोड होईल," असं ते ठणकावून सांगायचे. आम्ही गुपचूप साखर भुरभुरवून खायचो.

फोटोला हार घातला की बाबा उगाच परके वाटतात. काल मात्र ते गाडीवर माझ्या शेजारीच उभे होते.

घरी येऊन कलिंगड कापलं. पांढरंफटक! आम्ही सगळे लेकीकडे बघायला लागलो. ती जराही डगमगली नाही.

"फ्रिजमध्ये ठेवा."

मी साखरेचा डबा काढायला उठले.