म्हशीच्या डबक्यातला काळा रंग

इंदो बान्ने, म्हणजे बान्नेची आई, माझी शेजारीण; इंदो म्हणजे आई, आणि सगळेच तिला तशी हाक मारतात. तिचा नवरा गेल्या कापणीपासून मागच्या खोलीत निजून होता. आमच्या तोराजा लोकांत मोठा अंत्यविधी होऊन म्हशी कापेपर्यंत माणूस मेला असं कुणी म्हणत नाही. तो आजारी असतो. इंदो रोज सकाळी त्याच्या उशाशी कॉफी ठेवायची आणि गार झाली की कुरकुरत स्वतःच प्यायची.

विधीची तारीख ठरली. त्या दिवशी बायकोने काळं नेसायचं, आणि ते काळं इंदोला आपल्या हाताने रंगवायचं होतं. कापड पाल्याच्या काढ्यात उकळायचं, मग म्हशीच्या डबक्यातल्या चिखलात पुरून ठेवायचं. तिच्या सासूने असंच केलं होतं.

पण कापड निघालं चहाच्या रंगाचं. पुन्हा पुरलं, पुन्हा तसंच.

"चिखल रुसलाय," इंदो मला म्हणाली. "ह्यांचं काहीतरी करायचं राहिलंय माझ्याकडून."

बान्ने शाळेत विज्ञान शिकवते. ती डबक्यात उतरली, मूठभर चिखल हुंगला आणि तिचा चेहरा पडला.

"तुझं नाही गं इंदो, माझं चुकलं. पाहुणे येणार, वास नको, म्हणून मीच डबकं उपसून चिखल उन्हात खालीवर केला. बघ, तांबडा पडलाय."

"मग काय झालं?"

"ह्यात डोळ्यांना न दिसणारे जीव असतात. खाल्लेल्या अन्नातून इलेक्ट्रॉन सुटतात, ते कुणाला तरी दिल्याशिवाय जगता येत नाही. आपण श्वासातल्या ऑक्सिजनला देतो. चिखलाच्या पोटात तो नसतो. मग हे जीव अंगाबाहेरच्या, मातीतल्या गंजाच्या कणाला चिकटतात आणि त्याला देतात. गंज विरघळतो, ते लोखंड पाल्याच्या रसाला भेटलं की कापड काळं होतं. मी हवा आत घातली, सगळं परत गंजलं."

इंदोने कमरेवर हात ठेवले. "आपल्यातलं काढून दाराबाहेरच्याला द्यायचं? तुझ्या बापाचेच भाऊबंद की हे!" मग खोलीकडे तोंड करून ओरडली, "ऐकलंत का? सापडले तुमच्या जातीचे!"

मी हसले. आमच्या चुलीवरची कढई तिच्या नवऱ्यानेच एकदा स्वतःच्या घरातून उचलून आणून दिली होती, इंदोला न विचारता.

"बाजारात काळं कापड मिळतं, इंदो," बान्ने हळूच म्हणाली.

"ते तू नेस."

बान्नेने डबक्यात पाणी सोडलं, भाताचा पेंढा टाकला, म्हैस परत आणली. रोज जाऊन चिखल हुंगायची. एका दुपारी नाक दाबून पळत आली, "इंदो, घाण वास सुटला! चल!" एवढा आनंद मी तिच्या लग्नातही पाहिला नव्हता.

ह्या वेळी कापड ओढ्यात धुतलं तर ओल्या कोळशासारखं काळं. इंदोने ते उन्हात धरलं, दोन्ही बाजूंनी पाहिलं, गालाला लावलं. मग घराच्या मागच्या खोलीकडे नजर टाकली.

"काठ अजून तपकिरी आहे," ती म्हणाली. "आणखी एकदा पुरायला हवं. घाई करून चालायचं नाही."

काठ बाकीच्या कापडाइतकाच काळा होता. बान्नेने तोंड उघडलं, आईकडे पाहिलं आणि मिटलं.

"हो, आहे खरा थोडा," ती म्हणाली. आईच्या हातून कापड घेऊन ती स्वतःच चिखलात उतरली.