सोमवारची कालामारी

आईचा राग भांड्यांवर निघतो. त्या शनिवारी मी जामसंड्याहून शिरोड्याला घरी आले, तर मागल्या पडवीत घरातली सगळी भांडी लखलखीत घासून पालथी घातलेली. वर्षभरात न वापरलेली परातसुद्धा. म्हणजे प्रकरण साधं नव्हतं.

ही दोन हजार सात-आठच्या सुमाराची गोष्ट. मला जामसंड्याच्या शाळेत शिक्षिका म्हणून लागून सहा महिने झाले होते. आई मासे विकायची. हंगामात ती सकाळी उठून बंदरावर माकुल घ्यायची, म्हणजे तो बिनकाट्याचा, शाई सोडणारा प्राणी. मग रेडीवरून एसटीने गोव्यातलं तेरेखोल, तिथून फेरीबोटीने नदीपलीकडे. किनाऱ्यावर एका गोऱ्याने इटालियन हॉटेल काढलं होतं. वेताचे दिवे, पांढऱ्या गाद्या, झाडाला टांगलेले शिंपले, असा सगळा थाट. आई तिथे मागच्या दाराने स्वयंपाकघरात पाटी उतरवायची. गोरा बोटाने माकुल दाबून बघायचा, मान डोलवायचा, मॅनेजर वजन करायचा, की ही परत फेरीवर. दोन वर्षं असंच चाललं होतं.

शुक्रवारी मागच्या दारात सिलिंडरचा टेंपो आडवा लागला होता, म्हणून आई पाटी घेऊन पुढून शिरली. मॅनेजर धावत आला आणि तिला मागच्या दाराकडे वळवत कोंकणीत म्हणाला, "मावशे, फाटल्यान यो गो. हांगा गिरायकां बसतात."

"आणि तू काय म्हटलंस?" मी विचारलं.

"काय म्हणतलंय? तो खरा तांच बोललो. थंय गिऱ्हायकां बसतत." तिने कढई उपडी घातली. "म्हणान मी गिऱ्हाईक होवन जातलंय. त्येना माका थंय बसलेला बघूक व्हया. आणि माझ्या माकुलाचा ते काय करतत, तांय माका बघूचा आसा."

खरं सांगायचं तर मला लाज वाटली. हॉटेलची नव्हे, आईची. तिथे ती मोठ्याने बोलेल, हाताने जेवेल, सगळे वळून बघतील, असं काय काय डोळ्यांसमोर आलं. मुलांना फळ्यावर स्वाभिमान हा शब्द लिहून देणारी मी, आणि माझे हे विचार. मी म्हटलं, एवढ्यात कशाला, मे महिन्यात जाऊ. आईने ऐकलंच नाही. रविवारी तिचा बाजार जोरात, तेव्हा हलायची सोय नाही. सोमवारी आमच्याकडे बहुतेक घरांत मासळी शिजत नाही, त्यामुळे बाजार थंड. शाळेला त्या सोमवारी स्थानिक सुट्टी होती. आईच्या लेखी सगळं जमून आलं होतं.

"पण आये, सोमवारी तू माकुल खाणार कसं?"

"मी खंय खातंय? मी बसतलंय. खातलंस तू."

"मी पण सोमवार पाळते."

"हॉस्टेलात सोमवारी अंड्याची पोळी कोण खाय होता गो? माका सगळा ठावक आसा. खाल्लेला आसा तर हयसरय खा."

ही बातमी तिला कोणी दिली ते मला आजतागायत कळलेलं नाही. मी तिथेच हरले.

सोमवारी ती लग्नाला नेसायची ती जांभळी साडी नेसली, अबोलीचा वळेसर माळला आणि पाटीशिवाय फेरीवर चढली. फेरीवाला म्हणाला, "मावशे, आज रिकामी?" आई म्हणाली, "आज जेवक चललंय." मी नदीकडे बघत राहिले. दुपारचे बारा वाजले होते आणि हॉटेलात चार गोरे आणि पणजीकडचं वाटावं असं एक जोडपं होतं. मॅनेजर दारातच उभा होता. त्याने आईकडे बघून मान लववली, "या मॅडम" म्हणाला आणि समुद्रासमोरच्या टेबलाची खुर्ची ओढून दिली.

त्याने तिला ओळखलंच नव्हतं. रोज सकाळी हातभर अंतरावर उभं राहून तिचे मासे तोलणारा माणूस! आईचा चेहरा पडला. एवढी साडी, एवढा प्रवास ज्याच्यासाठी, त्याला पत्ताच नाही. मला इतका राग आला की मी उठून सांगायलाच निघाले होते. आईने टेबलाखालून माझं मनगट धरलं. "बस. आदी जेवया."

वेटरने कार्डं दिली. इंग्रजी मला येत होतं, पण ती नावं इंग्रजी नव्हतीच. मी बोट फिरवत एकेक अक्षर लावत बसले. वेटर वाट बघून कंटाळला. तेवढ्यात आई म्हणाली, "कालामारी आसा मां? ता एक हिका. माका बिनमाशाचा कायतरी टोमॅटोचा. आणि माझा वेगळ्या टोपात शिजवा, आज सोमवार." गोऱ्याच्या रोजच्या बोलण्यातून तिने कालामारी म्हणजे माकुल, गांबेरी म्हणजे सुंगटं ऊर्फ कोळंबी, वोंगोले म्हणजे तिसऱ्या, त्या शिंपल्या, हे सगळं कधीच उचललं होतं. मी कार्ड मिटून ठेवलं.

तिच्यापुढे लाल रसातला पास्ता आला. "ह्ये तर शिरवाळेच," आमच्या तांदळाच्या शेवया आठवून ती म्हणाली, "पण नारळाचो रस इसारले." काट्याने दोनदा प्रयत्न केला, मग काटा बाजूला ठेवून ती सरळ हाताने जेवू लागली. शेजारच्या टेबलावरची बाई बघत होती. आईनेही तिच्याकडे बघितलं आणि हसली, तर तीही हसली. एवढ्यासाठी मी दोन रात्री तळमळले होते.

माझ्या ताटलीत माकुलाच्या गोल चकत्या होत्या. वर लसूण, कसली तरी हिरवी पानं आणि लिंबू. मी पहिला घास घेतला. आईने जेवण थांबवलं.

"मीठ?"

"बरोबर आहे."

"मसालो?"

"नाहीये. लसूण आणि तेल. तेल वेगळं आहे, थोडं कडवट."

"माझ्या माकुलाचा गोडपण लागता काय?"

मी दुसरा घास घेतला, तिसरा घेतला. होय, लागत होतं. मसाल्याखाली जे घरी कधी कळलं नव्हतं ते लागत होतं. मी तसं सांगितलं. आईने पदराने नाक पुसलं आणि समुद्राकडे बघितलं. मग परत माझ्या तोंडाकडे बघत बसली. एखाद्या परीक्षकासमोर जेवल्यासारखं मी ताट संपवलं.

शेवटी मॅनेजर टेबलाशी आला. आमच्याशी मराठीत बोलला. "कसं वाटलं जेवण, मॅडम?"

"माकुल चिवट केल्यात," आई म्हणाली.

तो गोंधळला. ताटली माझ्यापुढे होती. "पण तुम्ही तर खाल्लं नाही..."

"मी हिच्या तोंडाकडे बघीत होतंय. एकेक तुकडो किती येळ चावता ता. माकुल माझा ताजा होता, शनवारी सकाळी दिलेला, तुझ्या फ्रीजात ठेवलेला. दोन मिंटां तव्यार ठेवूचा आणि उतरूचा. उद्या सकाळी हाडतलंय, तेव्हा सांग तुझ्या गोऱ्याक."

त्याने आता तिच्याकडे नीट बघितलं. साडी, वळेसर, चेहरा. तोंड उघडं पडलं त्याचं. "मावशे! तूं?" मग कानांपर्यंत लाल झाला. वेटरच्या हातातलं बिल त्याने ओढून घेतलं. "ना ना, बिल नाका. तुजेकडल्यान घेंवचें?"

आईने हात पुढे केला. "हाड हयसर. आज मी गिऱ्हाईक आसंय."

बिल मला पगारातून द्यायचं होतं, पण तिने कमरेचा बटवा काढला आणि माझ्याकडे बघितलंही नाही. फेरीवर मी तिला म्हटलं, "आये, मला लाज वाटत होती तुझी. चुकलं माझं." ती म्हणाली, "माका म्हायत होता. म्हणान तर तुका घेवन गेलंय."

दुसऱ्या सकाळी ती नेहमीसारखी पाटी घेऊन मागच्या दाराने गेली आणि मी जामसंड्याला परतले. तीन आठवड्यांनी घरी आले तेव्हा शेजारणीकडून कळलं की मधल्या एका बुधवारी आईने बाजार लवकर आटोपून माकुल जेवणाच्या वेळेला नेलं होतं. माकुल मागच्या दाराने देऊन झाल्यावर तिने पाय धुतले, पदर सारखा केला, वळसा घालून पुढच्या दाराने आत गेली आणि समुद्रासमोर एकटी बसून जेवून आली. मला न सांगता. क्षणभर मला वाईट वाटलं. मग वाटलं, मी बरोबर असते तर तिला माझ्याचकडे बघत बसावं लागलं असतं.

मी चुलीपाशी जाऊन विचारलं, "मग? कसं होतं?"

आईने भाकरी उलटली.

"मऊ होता," ती म्हणाली.