पाचटाखालची माती

उसाच्या वाळल्या पानांचं पाचट उचललं की खालून येणारा ओलसर, अळंबीसारखा वास मला अजून वरकुट्याच्या रानात, चुलतभावाच्या बांधावर नेऊन उभा करतो. ऊस तुटला की आम्ही सगळे पाचट पेटवायचो. त्याने एकट्याने ते शेतातच राहू दिलं, आणि त्याचा पुढचा ऊस माझ्यापेक्षा काळाशार हिरवा फुटला. माझ्या पोटात दुखायला लागलं. उन्हाळ्यातल्या एका दुपारी त्याच्यादेखत मी पाचट बाजूला सारून खालच्या कोरड्या मातीवर पाणी शिंपडलं. अळवाच्या पानावर थांबावेत तसे थेंब वरच थांबले. "तुझी माती पाणीच पीत न्हाय की रं!" मी खुशीत म्हणालो. त्याने काचेचे दोन ग्लास पाण्यानं भरले, एकात माझ्या रानातलं ढेकूळ सोडलं, दुसऱ्यात त्याच्या. माझ्याचा बघता बघता गाळ झाला. त्याचं, बारीक पांढऱ्या धाग्यांनी विणलेलं, तसंच राहिलं. "बुरशीनं बांधलंय, दादा. पाणी सावकाश पितंय, पर फुटत न्हाय," तो म्हणाला, आणि तेही इतक्या मायेनं की जास्तच झोंबलं. आता मीही पाचट पेटवत नाही. त्याने विचारलं की दरवर्षी एकच सांगतो, "काडेपेटी घरी राहिली."